शस्त्रकायद्यांमुळे सामूहिक गोळीबार टळतात का?

प्रश्न : अमेरिकेत सामूहिक गोळीबार झाला की बंदुकांवर निर्बंध घालण्याची मागणी होते आणि ‘ज्याला माणसे मारायचीच आहेत, तो कायद्याला कशाला जुमानेल?’ असा प्रतिप्रश्न केला जातो. त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण असे हल्लेखोर बहुधा सराईत गुन्हेगार असतात, हे त्यामागचे गृहीतकच चुकीचे आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी बंदूक रीतसर विकत घेतलेली असते. टेक्सासमधील युव्हाल्डी येथे मे 2022 मध्ये प्राथमिक शाळेत 19 मुले आणि 2 शिक्षिका यांचा जीव घेणाऱ्या तरुणाने अठरा वर्षे पूर्ण होताच, आठवडाभराच्या आत, दोन रायफली कायदेशीरपणे खरेदी केल्या होत्या. वयाची अट 21 असती, तर त्याला त्या दुकानातून मिळाल्या नसत्या. काळ्या बाजाराची वाट उरते हे खरे, परंतु तिथे ओळखी लागतात, वेळ जातो आणि बेत फुटण्याचा धोकाही वाढतो.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे. 28 एप्रिल 1996 रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे 35 जण मारले गेले आणि त्यानंतर अवघ्या बारा दिवसांत पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने अर्धस्वयंचलित (चाप ओढताच एक गोळी सुटून पुढची आपोआप भरली जाते अशा) रायफलींवर बंदी आणण्याचा करार राज्यांशी केला. पुढे सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या आणि नष्ट केल्या. शिवाय परवान्यासाठी सबळ कारण देणे बंधनकारक केले, ज्यात स्वसंरक्षण हे कारण धरले जात नाही. त्याआधीच्या 18 वर्षांत पाच किंवा अधिक बळी घेणारे 13 गोळीबार झाले होते. पुढील 22 वर्षांत असा एकही झाला नाही. अशा घटना मुळात विरळ असल्याने केवळ या आकड्यांवरून निर्विवाद निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. अशी बंदी नसलेल्या न्यूझीलंडमध्येही 1997 नंतर दोन दशके मोठे हत्याकांड झाले नव्हते, याकडे टीकाकार बोट दाखवत असत. मात्र मार्च 2019 मध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत 51 जणांची हत्या झाली, तीही परवानाधारकाने मिळवलेल्या अर्धस्वयंचलित शस्त्रांनी. त्यानंतर महिनाभरात तिथेही बंदी आली.

माझ्या मते, कायद्यांमुळे प्रत्येक हल्ला टळत नाही, पण हल्ल्यांची संख्या आणि बळींचा आकडा या दोन्हींना आळा बसू शकतो. 2011 मध्ये अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे हल्लेखोराने 33 गोळ्यांचे मॅगझिन (बंदुकीला जोडायची गोळ्यांची पेटी) रिकामे केले आणि दुसरे भरू लागताच जमलेल्या लोकांनी त्याला जमिनीवर पाडले. तोवर 6 जणांचा जीव गेला होता. दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरील केंद्रीय बंदी 2004 मध्येच संपुष्टात आली होती. ती संधी लोकांना पहिल्या दहा गोळ्यांनंतर मिळाली असती, तर किती जण वाचले असते, याचा विचार मला तरी टाळता येत नाही.

कायदा असूनही तो राबवला गेला नाही, तर मात्र काहीच साधत नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये टेक्सासमधील सदरलंड स्प्रिंग्ज येथील चर्चमध्ये 26 बळी घेणाऱ्याला कौटुंबिक हिंसाचाराबद्दल लष्करी न्यायालयाने आधीच दोषी ठरवले होते, त्यामुळे त्याला बंदूक विकणे बेकायदेशीर होते. परंतु हवाई दलाने ती नोंद एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेकडे पाठवलीच नव्हती आणि दुकानातील तपासणीत तो निर्दोष दिसला. पुढे मार्च 2018 मध्ये अशा नोंदी पाठवण्याबाबत केंद्रीय खात्यांना उत्तरदायी धरणारा कायदा करण्यात आला.