पावसाळा सरला, शिडं बाहेर काढा: सेलिंग क्लबच्या शरद हंगामाबद्दल वाचकांचे प्रश्न

मुंबई हार्बरमधल्या सेलिंग क्लबांचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो. नव्या बॅचेस, होड्यांची डागडुजी, पहिल्या शर्यती, सगळं एकदमच अंगावर येतं. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, मुलगा तेरा वर्षांचा, मी बेचाळिशीत. तिघांनीही शिकायचं ठरवलंय. एकाच होडीत शिकता येईल का? पोहणं किती यायला हवं? (ठाणे)

एकाच होडीत नको. मुलांना वडिलांच्या हातात सुकाणू दिसलं की ती प्रवासी होऊन बसतात. मुलीसाठी ऑप्टिमिस्ट योग्य : 2.3 मीटर लांब, 35 किलोंची, एकाच शिडाची होडी. मुलाचं वय पाहू नका, वजन पाहा. पन्नास किलोंच्या आत असेल तर ऑप्टिमिस्टच, त्यापुढे असेल तर लहान शिडाची लेझर, म्हणजे आताच्या नावाने आयएलसीए 4. तुम्ही एंटरप्राइझसारख्या दोघांच्या होडीत प्रशिक्षकाबरोबर बसा.

पोहण्याचं म्हणाल तर अंगावर कपडे असताना 50 मीटर, न घाबरता. वेग कितीही कमी असला तरी चालेल. तोंडावर पाणी आल्यावर जो बावचळतो, त्याने आधी महिनाभर तरणतलावावर जावं.

जॅकेट विकत घेताना त्यावरचा न्यूटनचा आकडा वाचा. तो तरंगवण्याची ताकद सांगतो. 50 न्यूटनचं बॉयन्सी एड (तरंगायला मदत करणारं जॅकेट) डिंगीसाठी, म्हणजे शिडाच्या लहान होडीसाठी सोयीचं, हालचाल मोकळी राहते. पण ते बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही. मदत जवळ असताना, पोहता येणाऱ्यानेच वापरायचं ते साधन आहे. पोहणं कच्चं असेल तर 100 न्यूटन किंवा वरचं घ्या. मापाची परीक्षा सोपी : घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याला धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून एक माप मोठं घेण्याची आपली सवय शाळेच्या गणवेशापुरती ठेवा. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच.

आणि पायांत रबरी तळव्याचे बूट. स्लिपवेच्या (होडी पाण्यात उतरवायच्या उताराच्या) दगडांवर कालवं असतात, ती ब्लेडसारखी कापतात.

प्रश्न : आमच्या क्लबच्या सात होड्या जूनपासून ताडपत्रीखाली आहेत. दोन रविवारी श्रमदान करून त्या तयार करायच्या आहेत. कोणत्या क्रमाने तपासावं? (मुंबई)

आधी हल (होडीचं अंग), मग काठी (शिडाचा उभा खांब) आणि तारा, मग सुकाणू, शेवटी शिडं. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, कारण शिडं धुणं हे सगळ्यात दिसणारं काम. पण शीड फाटलं तर होडी नुसती हळू चालते; हलमध्ये पाणी शिरलं तर ती उलटल्यावर वर येत नाही.

हलचा ड्रेन प्लग काढा, होडी त्या बाजूला कलती करा आणि पाच मिनिटं थांबा. पाणी आलं तर ते कुठून शिरलं हे शोधल्याशिवाय प्लग परत लावू नका. शोधायला साबणाचं पाणी पुरतं : प्लगच्या जागी नळी बसवून तोंडाने हवा भरा आणि जोडांवर, बेलरभोवती (पाणी बाहेर जायच्या झडपेभोवती), रडरच्या म्हणजे सुकाणूच्या स्क्रूंभोवती फेस लावा. बुडबुडे दिसतील तिथे गळती. कॉम्प्रेसर किंवा टायरचा पंप लावू नका. हलला तेवढा दाब सोसत नाही, वरचा आणि खालचा भाग जोडावरच सुटतो. लेझरमध्ये आणखी एक जागा पाहायची, काठी ज्या नळीत उभी राहते ती. ती पाण्याने काठोकाठ भरा, पातळीवर खूण करा आणि अर्ध्या तासाने बघा. पातळी उतरली असेल तर नळीचा तळ गेलाय. अशी होडी जोराच्या वाऱ्यात नेली की काठी डेक फाडून बाहेर येते. ऑप्टिमिस्टच्या तिन्ही हवेच्या पिशव्या फुगवून रात्रभर ठेवा, पट्टेही ओढून पाहा. पिशवी शाबूत आणि पट्टा कुजलेला असा प्रकार पावसाळ्यानंतर हमखास सापडतो.

काठी ॲल्युमिनियमची आणि रिव्हेट स्टीलचे, मध्ये खारं पाणी : तिथे ॲल्युमिनियम झिजणारच. रिव्हेटभोवती पांढरट भुकटी किंवा फुगवटा दिसला तर रिव्हेट काढून खालचं भोक पाहा. भोक लांबट झालं असेल तर त्याच जागी नवा रिव्हेट मारून उपयोग नाही. श्राउडच्या, म्हणजे काठीला बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांवरून सुती फडकं फिरवा, बोट नको. धागा अडकला की तिथे तारेचा एक पदर तुटलाय, आणि एक पदर तुटला तरी ती तार बदलायची. तार बहुधा मधे तुटत नाही, टोकाच्या दाबलेल्या नळीच्या तोंडाशी तुटते. तिथे तपकिरी डाग असेल तर भिंगातून पाहा.

सुकाणूच्या पिना आणि कड्या हाताने हलवून बघा. स्क्रू नुसते आवळून फिरत राहत असतील तर आतलं लाकूड कुजलं आहे. रडर उलटल्यावर निसटू नये म्हणून असलेली छोटी स्प्रिंग-क्लिप आहे ना तेही पाहा. ती नसते म्हणून दर हंगामात एखादं रडर हार्बरच्या तळाशी जातं.

शिडांवरची बुरशी गोड्या पाण्याने, मऊ ब्रशने आणि सौम्य साबणाने काढा. डाग राहिले तर राहू द्या, त्याने वेग कमी होत नाही. डाग घालवायला ब्लीच ओतलं तर शिवण कमजोर होते. वाळवताना सावलीत, आणि वाऱ्यात फडफडत ठेवू नका.

बचावबोटीच्या इंजिनाला अख्खा एक दिवस वेगळा ठेवा. जूनमधलं पेट्रोल टाकीत राहिलं असेल तर ते काढून टाका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतली ओल शोषतं; पुरेसं पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो आणि इंजिन नेमका तोच ओढतं. गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू सैल करून थेंब बघा. दुधाळ आलं तर सील गेलं. इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणाऱ्या पंपाचा पंखा, बदलाच; तो रबरी आहे आणि चार महिने एकाच आकारात दबून बसलेला असतो. इंजिन सुरू केल्यावर मागून पाण्याची धार येत नसेल तर लगेच बंद करा. आणि किल कॉर्ड (चालकाला बांधलेली, इंजिन बंद करणारी दोरी) ओढून इंजिन खरोखर थांबतं का, हे एकदा करून पाहा. ‘कॉर्ड आहे’ आणि ‘कॉर्ड चालते’ यांत फरक आहे.

प्रश्न : कोजागरीला दुपारी दोनची बॅच प्रशिक्षकांनी रद्द केली. वारा आठ-दहा नॉट, ऊन छान, एकही ढग नव्हता. उधाणाचं कारण सांगितलं. पाणी वर असणं तर चांगलंच ना? (कुलाबा)

दोन वाजता पाणी वर नव्हतं, उतरत होतं, आणि सगळ्यात जोरात. कोकणातले कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ती आकडेमोड इथे करून पाहा. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकरा-साडेअकराच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सहा तासांत ओहोटी पूर्ण होते, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही : पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. दीड ते साडेतीन ही वेळ नेमकी तिसऱ्या-चौथ्या तासाची.

मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, दीड-दोन. हार्बरमधला ओढ उधाणाला दोन-तीन नॉटपर्यंत जातो आणि ओहोटीत तो दक्षिणेकडे, हार्बरच्या तोंडाकडे नेतो. दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो. तुमचा क्लब त्याच बाजूला. म्हणजे परत येताना वाऱ्याच्या विरुद्ध टॅक करत, म्हणजे नागमोडी यायचं आणि ओढाच्याही विरुद्ध. नवशिक्याची होडी आठ नॉटच्या वाऱ्यात पाण्यातून तीनेक नॉट धावेल. पण नागमोडी चालल्यामुळे वाऱ्याच्या दिशेने तिची खरी प्रगती दीड नॉटच असते. ओढ दोनचा. होडी छान पळतेय असं वाटत राहतं आणि किनाऱ्यावरची खूण मात्र पुढे सरकत जाते, म्हणजे तुम्ही मागे जाताय. वाटेत नांगरलेली जहाजं आणि डोल जाळ्यांचे (ओढात रोवून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खांब आहेत. ओढ होडीला त्यांच्यावर नेऊन दाबतो आणि तिथून निसटणं बचावबोटीशिवाय जमत नाही.

नव्या बॅचेस सप्तमी ते दशमीच्या दरम्यान घ्याव्यात, भांग तेव्हाच असते. अष्टमीला पाऊणपट सहा : सकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. आठ ते अकरा ही वेळ ओहोटीचीच, पण ओढ अर्ध्याहून कमी. हा हिशेब अंदाजाचा आहे. नेमक्या वेळा सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घ्या आणि क्लबच्या फळ्यावर रोज लिहा.

ढग नव्हता म्हणता, तेवढंच ऑक्टोबरात पुरत नाही. परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर सह्याद्रीवर, पूर्वेला उभे राहतात, आणि सेलिंग करणारा पश्चिमेच्या वाऱ्याकडे तोंड करून बसलेला असतो. खारा वारा अचानक पडला आणि पूर्वेकडून गार झुळूक आली तर पाच-दहा मिनिटं आहेत असं समजून शीड उतरवा.

प्रश्न : उलटलेली होडी सरळ करण्याचा सराव उथळ पाण्यात घेतला तर काठी गाळात रुतली, वाकलीही. चूक कुठे झाली? (उरण)

उथळ पाणी निवडण्यात. पाय टेकतील एवढ्या पाण्यात सराव सुरक्षित वाटतो, पण काठी सहा मीटरची आणि तळ चिखलाचा. पूर्ण उलटली की काठी रुतणारच. सरावाला काठीच्या दीडपट तरी खोली हवी आणि बचावबोट शेजारी हवी. नवशिक्यांच्या होडीच्या काठीच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन बांधा. होडी आडवी पडेल, पण पूर्ण उलटायला वेळ घेईल.

रुतलीच तर पहिली गोष्ट म्हणजे सगळ्यांनी होडीवरून उतरायचं. डॅगरबोर्डवर (होडीच्या मधून खाली पाण्यात जाणाऱ्या फळीवर) उभं राहून जोर लावला की काठी तळाशी पक्की आणि वरून वजन, मग ती वाकते. शीट (शीड ताणून धरणारा दोर) सोडा, बचावबोटीचा दोर नाळेला (होडीच्या पुढच्या टोकाला) बांधा आणि काठी ज्या रेषेत आत गेली त्याच रेषेत उलट दिशेने, इंजिन जेमतेम गिअरमध्ये ठेवून ओढा. झटका नको, आडवी ओढ नको.

नेहमीच्या पलटीत क्रम असा : आधी एकमेकांना हाक मारून दोघंही आहेत ना ते पाहा. एकजण मेनशीटचं टोक धरूनच मागून वळसा घालून डॅगरबोर्डकडे जातो. ते टोक सुटलं आणि वाऱ्याने होडी सरकली तर चांगला पोहणाराही तिला गाठू शकत नाही. दुसरा आतल्या बाजूला, होडीला न लोंबकळता नुसता तरंगत राहतो. नाळ वाऱ्याकडे आली की पहिला मागे रेलतो. होडी उभी राहताना दुसरा आपोआप आत उचलला जातो. शिडाखाली सापडलात तर हाताने कापड वर ढकला, म्हणजे हवा मिळते, आणि एकच शिवण धरून कडेपर्यंत या.

प्रश्न : इंग्लंडमध्ये एका तळ्यावरच्या क्लबची सदस्य झाले. इथे ऑक्टोबरात हंगाम संपेल असं वाटलं होतं, तर हिवाळी शर्यतींची यादी लागली आणि बचावबोटीवर माझी पाळीही! मुंबईत शिकलेलं किती उपयोगी पडेल? (लेस्टर)

होडी चालवणं तेच, पाणी वेगळं. पंधरा अंशांखालच्या पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट-दीड मिनिट श्वास आपल्या ताब्यात नसतो, धाप लागते. त्या वेळी होडीकडे पोहायला जायचं नाही. उताणं तरंगायचं, श्वास ताब्यात आला की मग कामाला लागायचं. मुंबईत उलटल्याबरोबर हालचाल करायची सवय लागते, ती तिथे मोडावी लागेल.

स्टीमर वेटसूट (पूर्ण अंगाचा रबरी सूट) घेणार असाल तर 4/3 किंवा 5/4 मिलिमीटरचा, अंगाला घट्ट बसणारा. सैल असेल तर दर पलटीत आत नवं गार पाणी येतं. वारंवार उलटणार असाल तर ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा) बरा. त्याच्या आत फ्लीस घाला, सुती काही नको. झिप लावल्यावर खाली बसून मानेच्या सीलमधून हवा बाहेर काढा, नाहीतर पाण्यात पाय वर येतात. लेटेक्सची सील चढवण्याआधी अंगठ्या काढा.

बचावबोटीची पाळी तिथल्या क्लबांत सदस्यांनीच करायची असते, तो शिष्टाचार नाही, नियम आहे. आरवायएचा (तिथल्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा) पॉवरबोट लेव्हल 2 हा दोन दिवसांचा अभ्यासक्रम आधी करा, मग सेफ्टी बोटचा. तोही दोन दिवसांचा. ते होईपर्यंत हेल्मवर (सुकाणूवर) बसू नका, दुसऱ्या क्रमांकाची मदतनीस म्हणून पाळी मागून घ्या. दोर फेकणं, माणसाला नाळेकडून न येता बाजूने घेणं, आणि माणूस बोटीला लागताच इंजिन बंद करणं हे तिथेच शिकता येतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, दुपारची शर्यत अंधारात संपणार नाही ना ते त्या आठवड्यात वेळापत्रकावर पाहा.

प्रश्न : क्लबच्या शर्यतीत समोरून येणाऱ्या होडीला वाट कुणी द्यायची, यावर दरवेळी वाद होतो. (मांडवा)

वारा उजव्या अंगाने घेणारी होडी तशीच जाते, डाव्या अंगाने घेणारी वाट देते. दोघींना वारा एकाच अंगाने असेल तर वाऱ्याकडची होडी वाट देते. बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) डावीकडे असेल तर वारा उजवीकडून, एवढं प्रशिक्षकांनी बूमवर रंगीत पट्टी चिकटवून दाखवावं : उजवीकडे हिरवी, डावीकडे लाल. आणि हे नियम शिडाच्या होड्यांच्या आपसातले आहेत. बंदराच्या वाहिनीतून येणाऱ्या मालवाहू जहाजाला शिडाच्या होडीसाठी वळता येत नाही. तिथे हक्क सांगायचा नाही, लांबूनच बाजूला व्हायचं. अडचण आलीच तर व्हीएचएफ रेडिओचा चॅनेल 16 किंवा तटरक्षक दलाचा 1554. हा नंबर प्रत्येक बचावबोटीवर रंगवलेला असावा.