किराणा दुकानातला डीव्हीआर बंद पडतोय, सहा कॅमेरे मात्र ठीक आहेत. नवा डीव्हीआर निवडताना काय बघावं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: पुढे किराणा दुकान, मागे गोदाम, दोन मेगापिक्सेलचे सहा कॅमेरे, वायरिंग जुनी पण चांगली, आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन) आठवडाभर सारखा बंद-चालू होतोय. एक जण म्हणतो सगळं काढून आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे लावा, दुसरा म्हणतो फोर-केचा (जास्त बारीक चित्राचा) डीव्हीआर घ्या. मी सांगलीत बारा वर्षं कॅमेरे बसवायचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवा घेण्याआधी एक करून बघा. बंद-चालू होणाऱ्या डीव्हीआरमध्ये बऱ्याचदा दोष निघतो तो १२ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये. अडॅप्टर थकला की नुसता मोजला तर व्होल्टेज बरोबर दिसतं, पण हार्डडिस्क फिरायला लागली की करंट पुरत नाही आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तितक्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. तरी फरक पडला नाही, तर प्लग काढून आतली हार्डडिस्क सोडवा आणि डिस्कशिवाय चालू करा. तसा चालला तर डिस्क गेलेली आहे, डीव्हीआर नाही. या दोन्हीनंतरही रडतच असेल तर खुशाल नवा घ्या. जुन्या डिस्कमधलं काही रेकॉर्डिंग हवं असेल तर ती तशीच नव्या मशीनला जोडू नका. नवं मशीन बहुतेक वेळा डिस्क फॉरमॅट करायला सांगतं, आणि एकदा ‘हो’ म्हटलं की सगळं पुसलं जातं.

आता नवा घ्यायचाच असेल तर चॅनेल, मेगापिक्सेल, ब्रँड हे सगळं नंतर. पहिल्यांदा एकच ठरवा: एखादी गोष्ट घडून गेल्यावर ती तुमच्या लक्षात यायला जास्तीत जास्त किती दिवस लागतील?

हे मी एवढं ठासून का सांगतोय, त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका साडीच्या दुकानात चार कॅमेरे बसवले. मालकांनी खर्च कमी करायला सांगितला, म्हणून मी ५०० जीबीची डिस्क टाकली. जेमतेम पाच-सहा दिवसांचं रेकॉर्डिंग राहत होतं आणि मी ते त्यांना स्पष्ट सांगितलं नाही. महिनाअखेरीस माल मोजताना भारी साड्यांचा एक गठ्ठा कमी भरला. नवव्या दिवशी मला बोलावलं, तोवर त्या दिवसांवर नवं रेकॉर्डिंग चढलेलं. संशय कामावरच्या एका मुलावर गेला, त्याला काढून टाकलं. त्यानं घेतलं असेल किंवा नसेल, आज कुणालाच सांगता येणार नाही. आणखी एक हजार-दीड हजार रुपयांची डिस्क टाकली असती तर चोर तरी सापडला असता, नाहीतर त्या मुलाच्या कपाळी लागलेला डाग तरी पुसला गेला असता. त्यानंतर मी दिवसांचा हिशेब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडल्याशिवाय एकही काम घेतलेलं नाही.

तो हिशेब तुमच्यासाठी करतो. दोन मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सेकंदाला २ मेगाबिट धरलं तर दिवसाला २१.६ जीबी होतं. सहा कॅमेऱ्यांचं १२९.६ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क आठव्या दिवशी भरते आणि जुनं पुसायला लागते. पूर्ण महिना ठेवायचा तर ४ टीबी हवी. दुकानदार १ टीबीला ‘खूप होतं’ म्हणेल. त्याला फक्त विचारा, किती दिवस?

इथे तुमच्या फायद्याची एक गोष्ट आहे. तुमचे कॅमेरे ॲनालॉग एचडी आहेत, म्हणजे ते चित्र न दाबता तसंच केबलमधून पाठवतात आणि ते दाबून छोटं करण्याचं काम डीव्हीआर करतो. आयपी कॅमेऱ्यात हे काम कॅमेऱ्याच्याच आत होतं. त्यामुळे एच.२६४ या जुन्या दाबण्याच्या पद्धतीचा डीव्हीआर काढून एच.२६५ या नव्या पद्धतीचा लावला, तर कॅमेऱ्यांना हात न लावता तेवढ्याच चित्राला जागा जवळपास निम्मी लागते. वरचा महिना मग २ टीबीत बसतो. फक्त बसवल्यावर मेनूत जाऊन प्रत्येक चॅनेलला एच.२६५ निवडलंय का आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, ठेवलाय ते बघा. बरेच जण पेटीतून आलेली सेटिंग तशीच ठेवतात. तुमच्या दुकानाला २ टीबी कमीत कमी, आणि जमलं तर ४ टीबी, असं माझं मत आहे. त्यासाठी डीव्हीआर किती टीबीपर्यंतची डिस्क घेतो ते आधी वाचा.

डिस्क सीसीटीव्हीसाठीच बनवलेली घ्या, उदाहरणार्थ वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. कॉम्प्युटरची साधी डिस्क दिवसरात्र लिहीत राहण्यासाठी केलेली नसते. बाजारात जुन्या काढलेल्या डिस्क पुसून ‘नवी’ म्हणून विकतात, म्हणून बसवल्या बसवल्या डीव्हीआरच्या मेनूत डिस्कची तब्येत दाखवणारं पान असतं ते उघडून ती किती तास चाललीय ते बघा. नव्या डिस्कवर तो आकडा हजारांत असू शकत नाही. सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वॉरंटीही तपासा.

चित्राबद्दल. फोर-केचा डीव्हीआर घेतला म्हणून दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा जास्त काही दाखवणार नाही. उलट स्वस्त डीव्हीआर असलेलं चित्रही अर्धं करतात, आणि खरी फसगत तिथे होते. पेटीवर मोठ्या अक्षरांत १०८०पी लिहिलेलं असतं, पण आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ‘१०८०एन’ किंवा ‘१०८०पी लाइट’ असतं. १०८०पी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, तुमच्या कॅमेऱ्याचे दोन मेगापिक्सेल ते हेच. १०८०एन म्हणजे ९६० बाय १०८०, आडवे ठिपके निम्मे. लाइव्ह बघताना कळत नाही, रेकॉर्डिंग उघडून चेहरा मोठा केला की कळतं. अनोळखी माणूस चित्रावरून ओळखता यावा यासाठी या क्षेत्रातलं मानक एका मीटरला २५० ठिपके मागतं. त्या हिशेबानं पूर्ण १०८०पीचा कॅमेरा साधारण साडेसात मीटर रुंदीपर्यंत चेहरा ओळखण्याजोगा टिपतो, १०८०एनमध्ये ती रुंदी चार मीटरच्या आत येते. दुकानाच्या दारासाठी हा फरक फार मोठा आहे. तेव्हा ‘सगळ्या चॅनेलवर पूर्ण १०८०पी, सेकंदाला १५ फ्रेम’ एवढं विचारून घ्या. १५ फ्रेम दुकानाला पुरतात, २५चा हट्ट नको.

चॅनेल आठ घ्या. सहा वापरात, दोन पुढे कधीतरी गोदामाच्या मागच्या बाजूला लागतील. कॅमेऱ्याच्या लेबलवर एएचडी, टीव्हीआय किंवा सीव्हीआय (केबलमधून चित्र पाठवण्याचे तीन प्रकार) यांपैकी काय लिहिलंय ते बघून ठेवा. आजचे बरेच डीव्हीआर तिन्ही घेतात, पण सगळे घेत नाहीत. आणि आयपी कॅमेऱ्यांसाठी सगळं उखडायची तुम्हाला गरज नाही. नवीन बांधकाम असतं तर मीही एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन) आणि कॅट-६ ही नेटवर्कची केबलच सांगितली असती. चालणारी कोअ‍ॅक्स केबल (तुमची आत्ताची वायरिंग) भिंतीतून काढणं म्हणजे पैसे आणि प्लास्टर दोन्हींची नासाडी. बहुतेक आठ चॅनेलचे डीव्हीआर वर दोन-चार आयपी कॅमेरेही घेतात, तेवढी सोय असलेला निवडा. पुढे नवे कॅमेरे घ्याल तेव्हा लक्षात ठेवा, ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना नोंदणीसाठी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत. म्हणून बिलावर मॉडेल नंबर घ्या, बिनबिलाचा माल नको.

मोबाइलवर बघण्याचं म्हणाल तर सोय सगळ्यांत असते. भीती वेगळीच आहे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर कंपनीच्या मूळ पासवर्डवरून ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. मालकांना पत्ताही नव्हता. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून थेट आत यायची वाट) उघडून देऊ नका. मुख्य म्हणजे डीव्हीआर पहिल्यांदा तुमच्याच मोबाइलवर, तुमच्याच खात्यात जोडायला लावा. आमच्या धंद्यातले काही जण तो स्वतःच्या मोबाइलवर जोडतात आणि तुम्हाला नुसतं ‘शेअर’ करतात. मग तुमच्या गल्ल्यावरचा कॅमेरा त्यांच्या हातात राहतो, आणि त्यांनी फोन उचलला नाही तर तुम्ही अडकता.

घड्याळाकडे कुणी बघत नाही, आणि पोलिसांत गेल्यावर पहिला घोळ तिथेच होतो. चोरी साडेनऊला, डीव्हीआर सांगतो नऊ वाजून दहा मिनिटं. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवण्याची सेटिंग चालू ठेवा. चित्रीकरण कोर्टात कसं उभं राहतं यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १४ जुलै २०२०चा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातल्याच निवडणुकीचा आहे, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत दिले की वेळ संपल्यावर, हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर आला होता. रेकॉर्डिंगची प्रत द्यायची तर सोबत ती कशी काढली ते सांगणारं प्रमाणपत्र लागतंच, असं कोर्टानं सांगितलं. आता १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तुम्ही एवढंच करा: काही घडलं तर मोबाइलनं स्क्रीनचा व्हिडिओ काढून भागवू नका. त्याच दिवशी पेनड्राइव्हवर मूळ फाइल घ्या, सोबत ती चालवणारा प्लेअर घ्या, आणि डीव्हीआरमधलं मूळ रेकॉर्डिंग पुसू देऊ नका. विकत घेतानाच दुकानदाराकडून दहा मिनिटांचा बॅकअप काढून बघा. काही मशीनमध्ये हे इतकं किचकट असतं की ऐन वेळी जमत नाही.

डीव्हीआर ठेवायचा कुठे? गल्ल्यामागे, टीव्हीखाली नको. चोर आता जाताना डीव्हीआरच उचलून नेतात. गोदामात उंचावर, हवा खेळेल अशा कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवा. किराण्यात पिठाची आणि मिरचीची धूळ असते आणि झुरळांना गरम पेटी आवडते, म्हणून भोकांना बारीक जाळी लावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी ब्रशनं साफ करा. डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांना वीज देणारा एसएमपीएस दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. सगळं मिळून साधारण ५० वॉटचा लोड आहे, आणि वीज अचानक जाण्यानं डिस्क खराब होते ते टळेल.

जागा वाचवायला ‘फक्त हालचाल झाली की रेकॉर्डिंग’ असं कुणी सुचवलं तर दुकानात ते करू नका. दिवसभर हालचाल असतेच, आणि रात्री कॅमेऱ्यावरचं कोळ्याचं जाळंसुद्धा हालचाल ठरतं. चोवीस तास चालू ठेवा. माणूस ओळखून मोबाइलवर इशारा देणारी सोय गोदामाच्या कॅमेऱ्यांना मिळाली तर जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही, तिथे उंदीर-मांजरांच्या इशाऱ्यांनी वैताग येतो.

बसवून महिना झाला की प्लेबॅकमध्ये जाऊन सगळ्यात जुनी तारीख कोणती दिसते ते बघा. आणि आत्ता, जमलं तर एका कॅमेऱ्याच्या लेबलचा आणि डीव्हीआरच्या मागच्या बाजूचा फोटो प्रश्नात टाका, सीरियल नंबर झाकून. कॅमेऱ्यांचा फॉरमॅट कळला की कुठला डीव्हीआर त्यांना चालेल ते नक्की सांगतो.