पिशवी नको, वही भरून आण

कोल्हापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

मुंबईची प्रदर्शनं बघायला जायचा तुझा बेत कळला. बेत चांगला आहे, पण त्याआधी एक सकाळ इथल्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात घालव. बघायचं कसं, हे इथेच शिकून जा. तिथल्या गर्दीत शिकायला उसंत मिळत नाही.

आत गेल्यावर दहा मिनिटं कुठेही न थांबता सगळं दालन फिरून ये. मग एकच चित्र निवड, शक्यतो जलरंगातलं. पाटी आधी वाचू नकोस; नाव वाचलं की डोळा त्या नावाप्रमाणेच शोधायला लागतो. दहा फुटांवरून छाया-प्रकाशाचे मोठे आकार बघ आणि तळहाताएवढ्या चौकटीत पेन्सिलीनं तीनच छटांत उतरव: गडद, मधली आणि कोरी. मग तीन फुटांवर ये, शेवटी दीड फुटावर. जलरंगातलं पांढरं हे बहुतेक वेळा सोडलेला कोरा कागद असतो, तो आधीच ठरवून राखावा लागतो. रंगाची कड धारदार असेल तिथे खालचा थर वाळला होता, विरघळली असेल तिथे कागद ओला होता. हे दिसायला लागलं की कुठलं काम आधी झालं, कुठलं नंतर, ते तुझं तुलाच उलगडेल. फोटोवर विसंबू नकोस. फोन अंधारातल्या छटा आपोआप उजळतो, म्हणून रंग शब्दांत लिहून ठेव: ‘शेणासारखा हिरवा’, ‘पावसाळी आभाळाचा करडा’.

आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ पुन्हा पुन्हा रंगवला. त्यांची चित्रं बघून झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी रंकाळ्यातल्या संध्यामठासमोर जाऊन बस आणि त्यांनी काय गाळलं, ते शोध. यातून जेवढं कळतं तेवढं दहा व्याख्यानांतून कळणार नाही. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही सोडू नकोस. तिथल्या पावडर शेडिंगच्या चित्रांत कोरडी पूड कागदावर चोळून छटा कशी येते, ते जवळून बघ.

मुंबईला सोमवारी जाऊ नकोस, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथून हे संग्रहालय असलेला काळा घोडा परिसर पायी वीसेक मिनिटांवर. दिवसाला दोन दालनं पुरेत. सॅक पाठीवर नको, पोटावर घे, नाहीतर वळताना चित्राला लागते.

व्यापारी प्रदर्शनाची गोष्ट वेगळी. छपाई, कागद, पॅकेजिंगच्या प्रदर्शनाला नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते, आणि काही ठिकाणी अठराखालच्यांना प्रवेशच नसतो. नियम वाचून तिकीट काढ. पहिल्या सकाळी यंत्रं अजून जुळवत असतात, शेवटच्या दुपारी आवराआवर सुरू होते. मधल्या दिवशी दार उघडताच जा, तेव्हा स्टॉलवरची माणसं निवांत असतात. विद्यार्थी आहे, हे सरळ सांग. गिऱ्हाईक असल्याचं सोंग दोन प्रश्नांत उघडं पडतं आणि मग कुणी मनापासून बोलत नाही.

बहुतेक मुलं इथेच चुकतात. कॅटलॉगांनी पिशव्या भरतात आणि घरी आल्यावर कुठला नमुना कुणाचा, ते आठवत नाही. नमुना हातात पडताच मागे पेन्सिलीनं चार गोष्टी लिही: स्टॉल, जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), कमीत कमी किती नग घ्यावे लागतात आणि किती दिवसांत मिळतात. जाड कागद मागितलास, समजा ३०० जीएसएमचा, तर दोन तुकडे माग आणि एक उभा, एक आडवा दुमडून बघ. एक घडी स्वच्छ बसेल, दुसरीवर पापुद्रा फुटेल. कागदातले तंतू एका दिशेला लोळलेले असतात. घडी त्यांना आडवी गेली की ते मोडतात. तुझ्या निमंत्रणपत्रिकेची किंवा खोक्याची घडी छापून झाल्यावर फुटली, तर कारण बहुधा हेच. रंगाचा नमुना मात्र स्टॉलच्या दिव्याखाली पसंत करू नकोस. दाराशी उजेडात नेऊन बघ. दिव्याखाली एकसारखे वाटलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात.

प्रश्न विचारायची भीड वाटत असेल तर इथल्या चप्पल लाईनला, कोल्हापुरी चपलांच्या बाजारात, जाऊन सराव कर. तळ वादीनं शिवलाय की चिकटवलाय, कातडं कशात कमावलंय, वेणीला किती वेळ लागतो, आणि किमतीतला फरक नेमका कशामुळे? दुकानदार आणि कारागीर उत्तरं देतात, फक्त गिऱ्हाईक समोर असताना मध्ये बोलू नकोस.

परत आल्यावर दोन दिवसांच्या आत नमुने वहीत चिकटव. ज्या दोन-तीन स्टॉलवाल्यांनी वेळ दिला, त्यांना त्याच आठवड्यात आभाराचा मेसेज पाठव आणि त्यात तिथे झालेल्या बोलण्यातली एक नेमकी गोष्ट लिही, म्हणजे तू कोण ते त्यांना आठवेल. वही घेऊन मग इकडे ये, आपण एकत्र बघू.