राउटर कोरा दिसतोय? ‘राइट’ मारायच्या आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की वीज जाऊन आली आणि सिस्कोचा राउटर उठला तो थेट ‘सुरुवातीचं कॉन्फिगरेशन करायचं का?’ असं विचारतच. नाव नाही, आयपी नाही, आणि तुम्ही सगळं नव्याने टाकायला बसताय. जरा थांबा. अजून एकदाही ‘राइट मेमरी’ (चालू सेटिंग कायमची साठवणारी कमांड) मारलं नसेल, तर जुनं कॉन्फिग, म्हणजे राउटरची सगळी सेटिंग, आत सुखरूप असू शकतं.

कन्सोल लावा, म्हणजे लॅपटॉप केबलने राउटरच्या कन्सोल पोर्टला जोडा (९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट). त्या प्रश्नाला ‘नो’ म्हणा आणि ‘इनेबल’ करा. कोऱ्या राउटरला पासवर्ड नसतो, सरळ आत जाल. मग ‘शो व्हर्जन’ची अगदी शेवटची ओळ वाचा. तिथे कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राउटरने बूट कसं व्हायचं ते ठरवणारा आकडा असतो, एरवी शून्य-एक्स-२१०२. तुमच्याकडे २१४२ दिसलं तर चोर सापडला. त्या ० चा ४ झाला की राउटर बूट होताना एनव्हीरॅममधल्या (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतल्या) कॉन्फिगकडे बघतच नाही. विसरलेल्या पासवर्डवरचा हा नेहमीचा उपाय आहे. कुणीतरी कधीतरी तो केला आणि रजिस्टर परत फिरवायचं विसरलं. राउटर बंद होत नाही तोवर काहीच कळत नाही. वीज गेली की बिंग फुटतं.

आता ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’, म्हणजे एनव्हीरॅममध्ये साठवलेलं कॉन्फिग. दिसलं? आधी सगळा मजकूर उचलून लॅपटॉपवर फाईलमध्ये ठेवा. मगच ‘कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग’, म्हणजे साठवलेलं चालू कॉन्फिगमध्ये. दिशा दोनदा तपासा. उलटं मारलंत तर कोरं कॉन्फिग जुन्याच्या डोक्यावर बसतं. मी हे केलेलं आहे, तेही उलट कॉपी करून नव्हे. रात्री दोन वाजता एक इंटरफेस (पोर्ट) सुरू केला आणि सवयीने बोटांनी ‘डब्ल्यू आर’ (‘राइट’चं लघुरूप) मारून टाकलं. स्क्रीनवर ‘ओके’ आलं. तो ‘ओके’ वाचताना पोटात जो खड्डा पडला, तो अजून आठवतो. पुढचे सहा तास टायपिंग.

कॉपी झाल्यावर सगळे इंटरफेस बंदच दिसतील, घाबरू नका. कॉपी म्हणजे इथे जुनं पुसून नवं नव्हे, चालू कॉन्फिगमध्ये भर घालणं. कोऱ्या राउटरवर इंटरफेस शटडाउन असतात आणि सेव्ह केलेल्या फाईलमध्ये ‘नो शटडाउन’ अशी ओळच नसते. एकेका इंटरफेसवर जाऊन हाताने द्या. पासवर्ड माहीत नसतील तर लगेच, त्याच बैठकीत बदला; कन्सोल १० मिनिटं नुसता पडला तर मूळ सेटिंगप्रमाणे बाहेर काढतो, आणि आता जुने पासवर्ड लागू झालेले असतात. मग ‘कॉन्फिग-रजिस्टर’ शून्य-एक्स-२१०२ करा आणि आता खुशाल ‘राइट’ मारा. ‘शो व्हर्जन’मध्ये पुढच्या रीलोडला २१०२ होणार असं दिसलं पाहिजे.

रजिस्टर २१०२ च आहे आणि स्टार्टअप-कॉन्फिग नाहीच म्हणतोय, तर मात्र ते खरंच गेलंय. फ्लॅशमध्ये (राउटरच्या फाईल ठेवायच्या मेमरीत) ‘डिर’ मारून बघा, आधीच्या माणसाने प्रत ठेवलेली असते कधीकधी. टीएफटीपी सर्व्हर (जिथे राउटरच्या फाईलींच्या प्रती ठेवतात), जुन्या टर्मिनलचे लॉग हेही चाळा. तेही नसेल तर शेजाऱ्याला विचारा, म्हणजे लिंकच्या पलीकडच्या राउटरला. लिंक /३० ची (चारच आयपी पत्त्यांच्या छोट्या गटाची) असेल तर त्यात वापरण्याजोगे पत्ते दोनच. एक त्याचा, उरलेला तुमचा. बीजीपी (वेगवेगळ्या नेटवर्कांना एकमेकांचे मार्ग कळवणारा प्रोटोकॉल) असेल तर त्याच्या नेबर ओळीत तुमचा एएस नंबर, म्हणजे तुमच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक मिळतो. खालच्या स्विचच्या ट्रंक पोर्टवरून (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या पोर्टवरून) व्हीलॅन, म्हणजे स्विचवर वेगळे पाडलेले नेटवर्क गट कळतात. अर्धं कॉन्फिग असंच उभं राहतं.

रजिस्टर काय निघालं ते कळवा. २१०२ निघालं तर पलीकडच्या राउटरचं ‘शो रन’ही (त्याचं चालू कॉन्फिग) पाठवा, पासवर्डच्या ओळी खोडून.