दोन्ही लिफ्ट एकाच पिकअपला? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: गाडी उंच करायला चार इंची सस्पेंशन लिफ्ट (स्प्रिंगकडून उंची वाढवणं) आणि वर दोन इंची बॉडी लिफ्ट केली, तर खालची मोकळी जागा सहा इंचांनी वाढेल ना?

हा हिशेब बहुतेकांचा चुकतो. बॉडी लिफ्टमध्ये बॉडी आणि चॅसिस यांच्यामध्ये ठोकळे बसतात, चॅसिस जागची हलत नाही. म्हणजे दगडावर आपटणारं जे काही आहे ते होतं तिथेच. सस्पेंशन लिफ्टने चॅसिस वर जाते, पण अखंड ॲक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असलेल्या) गाडीत डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा गोळा तिथेच लोंबत राहतो. त्याला उचलतो फक्त मोठा टायर, आणि तोही निम्म्याने: ३१ ऐवजी ३५ इंची टायर घातलात तर गोळा दोन इंच वर. मडगार्डमध्ये तो टायर मावावा, एवढंच बॉडी लिफ्टचं काम.

प्रश्न: मग सरळ सहा इंची सस्पेंशन लिफ्टच का करू नये?

करता येते, पण खर्च आणि कटकट दोन्ही वाढतात. गाडी जितकी उंच, तितका ॲक्सलकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट तिरपा. त्याच्या टोकांचे यू-जॉइंट थरथरतात आणि लवकर जातात. पुढे स्वतंत्र सस्पेंशन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) असेल तर चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या सीव्ही जॉइंटचीही तीच गत, म्हणून मोठ्या किटमध्ये डिफरन्शियलच खाली उतरवायचे ब्रॅकेट देतात. म्हणजे ज्या उंचीसाठी पैसे मोजले त्यातली थोडी परत खाली! ब्रेकच्या रबरी नळ्या तोकड्या पडतात, कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा तिरपेपणा) बिघडून स्टिअरिंग भटकतं. माझं मत विचाराल तर दोन-तीन इंच सस्पेंशन आणि एक-दोन इंच बॉडी. गाडीचं वजन त्यातल्या त्यात खाली राहतं आणि कोनही आवाक्यात राहतात.

प्रश्न: बॉडी लिफ्ट म्हणजे नुसते लांब बोल्ट आणि ठोकळे. घरी करू का?

ठोकळे बसवणं सोपं आहे. अवघड आहे ते बॉडीपासून चॅसिसपर्यंत गेलेलं प्रत्येक जोडकाम शोधणं. स्टिअरिंगचा दांडा, डिझेल भरायची नळी, गिअरचा दांडा, हँडब्रेकची केबल, अर्थिंगच्या वायरी. बंपर चॅसिसवर असेल तर मध्ये फट दिसते, ती वेगळीच.

माझ्याच पिकअपला पहिल्यांदा केली तेव्हा सगळं तपासलं, इंजिन चालू केलं आणि पुढून खरर्र आवाज. रेडिएटर आणि त्याचं पंख्याभोवतीचं कडं बॉडीबरोबर वर गेलेलं, पंखा मात्र इंजिनावर, म्हणजे चॅसिसबरोबर खालीच. पाती कड्याच्या खालच्या काठाला घासत होती. कडं खाली सरकवलं आणि आवाज थांबला. तेव्हापासून किल्ली फिरवण्याआधी पंखा हाताने एक फेरी फिरवून बघतो.

जुन्या गाडीत गंजलेले बोल्ट तुटतात, त्याची मानसिक तयारी ठेवा.

प्रश्न: उंचीसाठी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली आधीच एक ठोकळा आहे. त्यावर दुसरा चालेल?

नाही. एकावर एक ठोकळे सरकतात, आणि जोर लावला की ॲक्सल पिळून पाटे एसच्या आकारात वाकतात. एकच योग्य मापाचा ठोकळा घ्या, किंवा जास्तीचा पाटा घाला. पुढच्या ॲक्सलला ठोकळा तर एकही नको.

प्रश्न: ३५ इंची टायरनंतर गाडी मंद झाली. इंजिन गेलं का?

इंजिन ठीक असणार. ३१ वरून ३५ म्हणजे घेर सुमारे १३ टक्क्यांनी मोठा. डिफरन्शियलचा गिअर रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.७३ असेल तर पूर्वीची ओढ मिळायला ४.२१ च्या आसपास हवा, ४.१० किंवा ४.३० बघा. आणि स्पीडोमीटर दुरुस्त करून घ्या, काटा १०० वर असताना तुम्ही ११३ ने जाताय. वर टायर जड, त्यामुळे ब्रेकही उशिरा लागतात.

प्रश्न: दोन्हींत आधी कोणती?

आधी सस्पेंशन, मग अलाइनमेंट, मग मोठे टायर. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, एक चाक चढावर घालून सस्पेंशन पूर्ण दाबा आणि टायर कुठे घासतो त्या जागी खडूने खूण करा. खूण मडगार्डला पडली तरच बॉडी लिफ्ट. चॅसिसला पडली तर बॉडी कितीही उचला, घासायचं थांबणार नाही. तिथे रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते बदला. बॉडी लिफ्ट केलीच तर हेडलाइट खाली वळवून घ्या आणि ८०० किलोमीटर झाल्यावर बॉडी चॅसिसला जोडणारे माउंटचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा. ठोकळे दबून बसतात आणि बोल्ट ढिले होतात.