क्लोझापिन सुरू करताना: रक्ताइतकंच पोट, बिडी आणि गोळीची वेळ सांभाळा

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आधी रिस्पेरिडोन, मग ओलान्झापिन देऊनही कानातले आवाज थांबले नाहीत. आता डॉक्टर क्लोझापिन सुरू करू म्हणतात. दर आठवड्याला रक्त तपासायचं म्हटल्यावर आई घाबरल्यात, मामा म्हणतात ‘रक्त नासवणारं औषध कशाला’, आणि कुणीतरी गोळी भाकरीतून द्यायचा सल्ला दिलाय. भाऊ निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जातो आणि दिवसभर बिड्या ओढतो, हे तुम्ही शेवटी सहज म्हणून लिहिलंय. पण या औषधाच्या बाबतीत ती गोष्ट फार मोठी आहे, तिच्यावर पुढे सविस्तर लिहिते.

माझे धाकटे दीर बरीच वर्षं क्लोझापिनवर आहेत. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. मी डॉक्टर नाही. गोळ्या, तपासण्या, तारखा घरात मीच बघते. त्यातून आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारून जे पक्कं कळलंय तेवढंच सांगते. डोस किती, कधी वाढवायचा, हे डॉक्टरच ठरवणार.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा. आधीची दोन औषधं खरोखर पोटात जात होती का? क्लोझापिन देतात ते दोन वेगवेगळी औषधं पुऱ्या डोसमध्ये, प्रत्येकी निदान सहा आठवडे घेऊनही गुण येत नाही तेव्हा. बऱ्याच घरांत गोळी गालात धरली जाते, मोरीत टाकली जाते, किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून आठवडाभर बंद असते. तसं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, भावाला ओरडू नका. कदाचित त्यांना आधीचंच औषध महिन्याच्या इंजेक्शनच्या रूपात देता येईल. क्लोझापिनचं असं इंजेक्शन आपल्याकडे मिळत नाही. ते रोज तोंडानंच घ्यावं लागतं.

मामांची भीती निराधार नाही. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधामुळे पांढऱ्या पेशी एकदम घटून काही रुग्ण दगावले आणि बऱ्याच देशांत ते मागं घेतलं गेलं. मग परत का आलं? कारण १९८८ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. दुसऱ्या कुठल्याच औषधाला दाद न दिलेले रुग्ण त्यात घेतले होते. सहा आठवड्यांत क्लोझापिननं ३० टक्के जणांना गुण आला, जुन्या क्लोरप्रोमाझिननं फक्त ४ टक्के जणांना. आत्महत्येचे विचार असलेल्या रुग्णांतही याचा विशेष फायदा दिसला आहे. म्हणून रक्ताच्या तपासणीची अट घालून ते पुन्हा वापरात आलं. पेशी धोक्याच्या पातळीला जाण्याचा प्रकार शंभरात एकाहूनही कमी जणांत होतो, आणि तोही बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत. रक्त तपासतात ते ही घसरण वेळेत पकडायला. आईंना एवढंच समजावून सांगा.

आपल्याकडे साधारणपणे पहिले १८ आठवडे दर आठवड्याला सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) आणि पुढे औषध चालू असेपर्यंत महिन्याला एकदा, अशी पद्धत आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं वेळापत्रक दिलं तर तेच पाळा. रिपोर्टमध्ये दोन आकडे बघायला शिका: एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे टक्के. समजा एकूण ६००० आणि न्यूट्रोफिल ५५ टक्के, तर न्यूट्रोफिल झाले ३३००. हा आकडा १५०० च्या खाली दिसला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आकडा अजून १५०० च्या वर असला तरी प्रत्येक रिपोर्टला खाली खाली येत असेल तर तेही कळवा. शक्यतो लॅब एकच ठेवा. रिपोर्ट मोबाईलमध्ये असू द्या, पण एक कागदी फाईलही करा, कारण गडबडीत मोबाईल नेमका चार्जिंगला लावलेला असतो.

औषध चालू असताना केव्हाही, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, ताप आला, घसा दुखला, तोंड आलं, तर घरातली पॅरासिटामॉल देऊन झोपवू नका. त्याच दिवशी सीबीसी करा. तापासोबत छातीत दुखणं, दम लागणं, छाती धडधडणं असेल तर सरळ कॅज्युअल्टी गाठा. हे औषध क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आणतं आणि तेही सुरुवातीच्याच आठवड्यांत. नुसता हलका ताप बऱ्याच जणांना येतो आणि जातो, पण हा कुठला ताप, हे घरात बसून ठरवता येत नाही.

आता पोटाचं. रक्ताची धास्ती सगळे घेतात, संडासकडे कोणी बघत नाही, आणि या औषधात पोटाकडे दुर्लक्ष झाल्यानं माणसं दगावलेली आहेत. क्लोझापिननं आतड्यांची हालचाल मंदावते. काही जणांत ती इतकी मंदावते की आतडं तुंबतं, फुगतं आणि आत जंतुसंसर्ग होतो. रुग्ण आपणहून सांगत नाही, कारण सांगायला त्याला लाज वाटते आणि औषधानं थोडी सुस्तीही असते. म्हणून तुम्ही विचारा. आमच्याकडे सकाळी चहासोबत ‘पोट साफ झालं का’ हा प्रश्न असतोच, आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. भरपूर पाणी, पालेभाजी, रोजचं चालणं हे आहेच. पण नुसत्या इसबगोलवर भागवू नका. आतडंच मंद असताना चोथा वाढवून उलट त्रास होऊ शकतो. जुलाबाचं कुठलं औषध चालेल ते सुरुवातीलाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन दिवस संडास झाली नाही तर फोन करायचा. पोट फुगलं, खूप दुखायला लागलं, उलटी झाली तर रात्र असली तरी दवाखान्यात न्यायचं, आणि ‘क्लोझापिनवर आहे’ हे पहिलं वाक्य म्हणून सांगायचं.

बिडीचं आता. बिडी-सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन लवकर मोडतं. त्यामुळे ओढणाऱ्या माणसाला तोच परिणाम मिळायला जास्त डोस लागतो. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. म्हणून तंबाखू मळून खाणाऱ्याला हा फरक पडत नाही (तोंडाचा कॅन्सर हा वेगळा विषय झाला). खरा धोका येतो तो बिडी एकदम बंद झाल्यावर. आठवड्याभरात औषधाची रक्तातली पातळी दीडपट, कधी त्याहूनही वर जाऊ शकते, गोळी तीच असताना. मग माणूस दिवसभर झोपतो, लाळ वाढते, तोल जातो, आणि डोस मोठा असेल तर फिटसुद्धा येऊ शकते. निपाणीत घराघरांत तंबाखू आहे, त्यामुळे बिडी सुटणं अवघड, पण सुटते ती नेमकी अचानक: दवाखान्यात भरती झाल्यावर वॉर्डात बिडी चालत नाही, कुणी माळ घालतं, कुणी देवासमोर शपथ घेतं. भावानं बिडी सोडली तर आनंदच आहे. फक्त सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते डोस टप्प्याटप्प्यानं कमी करतील. उलट, भरती असताना डोस बसवला आणि घरी येऊन बिड्या पुन्हा सुरू झाल्या, तर औषध कमी पडून आवाज परत येऊ शकतात. आज रोज किती बिड्या ओढतो ते खरं खरं फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. कॉफीचंही तसंच: रोजच्या एक-दोन कपांची चिंता नको, पण एकदम खूप वाढली तर पातळी वर जाते.

यातलीच आणखी एक गोष्ट गावच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. जुलाबाला किंवा लघवीच्या जळजळीला आपल्याकडे सर्रास सिप्रोफ्लॉक्सासिन देतात. त्यानं क्लोझापिनची पातळी खूप वाढते. फिटसाठीचं कार्बामाझेपिन पांढऱ्या पेशी कमी करतं, म्हणून ते याच्यासोबत टाळतात. मोठा जंतुसंसर्ग झाला तर नुसत्या त्या तापानंही पातळी वाढू शकते. म्हणून भावाच्या खिशात औषधाचं नाव, डोस आणि डॉक्टरांचा फोन लिहिलेला कागद असू द्या. निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं आणि आपले बरेच लोक मिरज-सांगलीलाही जातात. त्याला हरकत नाही. पण इकडची चिठ्ठी तिकडे आणि तिकडची इकडे कोणाला माहीतच नाही, असं या औषधात चालत नाही. डोस बदलणारा डॉक्टर एकच ठेवा, आणि बाकी कोणाकडे गेलात तरी फाईल आधी टेबलावर ठेवा.

गोळीची सुरुवात अगदी छोटी, १२.५ मिलिग्रॅमपासून होते आणि हळूहळू वाढवतात. कारण एकदम मोठा डोस दिला तर रक्तदाब पडतो, उभं राहताना चक्कर येते. यातूनच एक नियम येतो. सलग ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुनाच डोस पुन्हा सुरू करायचा नाही. डॉक्टरांना विचारून पुन्हा खालून चढायचं. म्हणून सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला, वाडीला किंवा लग्नाला चार दिवस जाणार असाल तर गोळ्या दोन पिशव्यांत विभागून न्या, एक तुमच्याजवळ. देवाला जाणं थांबवू नका. आईंची श्रद्धा असेल तर जरूर जा, अंगारा लावा, आणि रात्री वेळ झाली की गोळी द्या. शेवटच्या स्ट्रिपवर आलात की मेडिकलमध्ये जाऊ नका, त्याच्या आठवडाभर आधी जा. लहान गावात ही गोळी प्रत्येक दुकानात नसते. आणि अचानक बंद केली तर आजार आधीपेक्षा जोरानं उसळतो, घाम-मळमळ होते ती वेगळी.

भाकरीतून गोळी देऊ नका. हे मी अगदी कळकळीनं सांगते. बाकी कुठल्याही औषधाचं काय करायचं ते डॉक्टर बघतील, पण क्लोझापिन लपवून देताच येत नाही. दर आठवड्याला सुई का टोचतात हे त्याला काय सांगणार? चक्कर आली, लाळ गळली, तर त्याला वाटणार कुणीतरी विष घालतंय. त्याचा आजारच संशयाचा आहे, आणि इथे तो संशय खरा ठरेल. मग तो घरचं जेवणच सोडेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही उपचारासाठी रुग्णाच्या संमतीला महत्त्व आहे. त्याला समोर बसवून, जेव्हा आवाज थोडे कमी असतील तेव्हा सांगा, ‘आवाज कमी व्हावेत म्हणून नवीन गोळी आहे, रक्त दर आठवड्याला बघणार, त्रास झाला तर आपण डॉक्टरांना सांगू.’ आमच्या दिरांनी होकार दिला तो दुसऱ्या कशासाठी नाही, रात्रीची झोप लागेल म्हणून. त्यांच्या मनातलं कारण तेच होतं, आणि तेवढं पुरलं.

बाकी त्रास लवकर लिहिते. रात्री लाळ गळते, उशीवर जुना टॉवेल घाला, कुशीवर झोपू द्या, फारच झालं तर त्यावर औषध आहे. काहींना झोपेत लघवी होते आणि ते कोणालाच सांगत नाहीत, अंथरूण जो धुतो त्यालाच कळतं. हे डॉक्टरांना सांगा, उपाय असतात. झोप जास्त येत असेल तोवर ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि वखारीतलं मशीन बंद. दारू नकोच. भूक मात्र जोरात वाढते: वजन, कंबर, उपाशीपोटी शुगर आणि कोलेस्टेरॉल सुरू करण्याआधी बघून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. पाहुणे आले की कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा येतोच आपल्याकडे. तो त्याच्यासमोर ठेवायचा नाही आणि घरच्यांनीही समोर बसून खायचा नाही.

मामा लग्नाचं म्हणताहेत तेही वाचलं. लग्न हा उपचार नाही. आधी वर्षभर तब्येत स्थिर राहू दे, मग त्याला स्वतःला हवं असेल तर, आणि मुलीकडच्यांना आजार सांगूनच.

ठिकाणांविषयी: सुरुवातीचे दिवस भरती करून औषध बसवायचं ठरलं तर बेळगावच्या बिम्स जिल्हा रुग्णालयात आणि धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत विचारा. तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात तेही विचारून घ्या, म्हणजे महिन्याच्या गोळ्यांसाठी लांब जावं लागणार नाही. कानडीची अडचण असेल तर चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि वेळ डॉक्टरांसमोरच मराठीत लिहून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. त्याच्या जिवाला धोका वाटला तर मात्र फोनवर थांबू नका, त्याला घेऊन निघा.

पुढच्या भेटीला जाताना डॉक्टरांना हे विचारा: सुरू करण्याआधीच्या तपासण्यांत ईसीजी आहे का, पहिले दिवस घरी की दवाखान्यात, पोटासाठी काय द्यायचं, आणि रविवारी रिपोर्ट खराब आला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा. भावाला सोबत न्या, आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्या.