ईदची तारीख पक्की कशी लिहू?

प्रश्न: ताई, ऑफिसच्या कॅलेंडरवर सगळ्यांचे सण टाकायचं काम माझ्याकडे आलंय, पण ईद दरवर्षी वेगळ्याच तारखेला येते, मग लिहू काय?

उत्तर: अगं, पक्की नकोच लिहूस. हिजरी, म्हणजे इस्लामी कॅलेंडरचं, वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, आणि आपल्यासारखा अधिक महिना त्यात नसतो, म्हणून ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते आणि शेवटी चांद दिसण्यावर ठरते, तेव्हा पुढचा दिवसही मोकळा ठेव, मोठी मीटिंग तर अजिबात लावू नकोस. आणि हो, ३ डिसेंबर नक्की टाक, आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन, १९९२ पासून पाळतात, पण नुसता शुभेच्छांचा मेल नको गं, व्हीलचेअर आत येईल असा रॅम्प तुमच्याकडे आहे का ते आधी बघ.